सोड म्हणाली म्हणून सोडला

“बाई, राग मानू नका, पण खरं सांगा. आत्ता जी वर गेली ती मुलगी स्वतः चढली, की बंडूने तिला वर घेतली?”

नाना कर्णिकांनी हे सगळ्यांसमोर विचारलं. नाना म्हणजे आमच्या गिर्यारोहण संस्थेचे सेक्रेटरी. पार्ल्याचे, पांढरी पँट, गळ्यात दुर्बीण, हातात थर्मास. माणूस सभ्य, पण बोलायला लागला की थेट. आम्ही बोरिवलीच्या जंगलात, कान्हेरीच्या वाटेवरच्या एका कातळाखाली उभे होतो. मी काही उत्तर देणार, तेवढ्यात वरून बंडूचाच आवाज आला.

“आली ताई, आली! पुढची पाठवा!”

ट्रकवर गोणी चढवतात ना, अगदी तसं. नानांनी माझ्याकडे बघितलं. मी बुटाच्या लेसकडे बघितलं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी मुलुंडच्या एका शाळेत पीटीची शिक्षिका होते आणि रविवारी या संस्थेत रॉक क्लायम्बिंग शिकवायचे. मुलांच्या बॅचेस कैक वर्षं चालू होत्या. मुलींची बॅच त्या वर्षी पहिल्यांदाच, तीही ‘बघू या जमतं का’ या बोलीवर काढली होती. मीच नानांच्या मागे लागून लागून ती काढायला लावली होती. म्हणजे पडली असती तर माझ्याच डोक्यावर.

आधी बिले म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चढणाऱ्याच्या कमरेला दोर बांधलेला असतो. तो वर जातो. वर एक माणूस बसलेला असतो, तो स्वतः झाडाला पक्का बांधलेला. दोर त्याच्या कमरेमागून फिरवून दोन्ही हातांत धरलेला. खालचा जसजसा चढेल तसतसा वरचा मोकळा झालेला दोर गोळा करतो. खालचा घसरला तर धरतो. एवढंच त्याचं काम, त्यालाच बिले म्हणतात. दोर पडू नये म्हणून असतो, चढवायला नसतो. आणि भाषा दोनच शब्दांची. ‘टाइट’ म्हणजे मोकळा दोर गोळा कर. ‘ढील’ म्हणजे थोडा सैल दे. ढील कोणाला शिकवावी लागत नाही, पतंग उडवलेल्या प्रत्येकाला ती येते.

आता बंडू. बंडू म्हात्रे, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला, अंधेरीला एका फॅक्टरीत फिटर. संस्थेतला सगळ्यात भरवशाचा गडी. त्याने धरलेला दोर सुटलाय असं कधी झालं नाही. पण घरात पिढ्यान् पिढ्या जाळी ओढलेली. दोर हातात आला की तो ओढायचाच. मुलगा चढत असला तर कसाबसा गप्प बसायचा. मुलगी चढायला लागली की संपलं. तिने पहिला पाय उचलायच्या आत दोर तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ.

“अरे बंड्या, ओढतोस का?”

“मी कुठे ओढतो ताई? दोर आपला आपण येतो.”

“आपला आपण कसा येईल?”

“पोरगी आहे हो. खरचटलं-बिरचटलं म्हणजे?”

बोला आता! तो वाईट असता तर चार शब्द सुनावले असते. हा तर मुलींना उन्हात उभं राहू नका म्हणून स्वतःची टोपी देणारा.

तर त्या दिवशी नानांनी थर्मासमधला चहा संपवला आणि मला बाजूला घेतलं. “पुढच्या रविवारी या बॅचचा शेवट. कमिटीचे लोक येणार, पालक येणार. तेव्हाही हेच दिसलं तर मुलींची बॅच बंद. आपण क्लायम्बिंग शिकवतो बाई, लिफ्ट चालवत नाही.”

माझा असा संताप झाला म्हणून सांगू! आणि संताप जास्त याचा की माणूस बरोबर बोलत होता.

परतीच्या वाटेवर सुलभा परब माझ्याबरोबर चालायला लागली. सुलभा घाटकोपरच्या चाळीतली, अंधेरीला घड्याळं जोडायच्या कारखान्यात कामाला. बारीक अंगाची, उंचीने माझ्या कानाला लागेल एवढी. बॅचमध्ये सगळ्यात हुशार तीच.

“बाई, मी ढेरी चढले ना?”

ढेरी म्हणजे त्या कातळाच्या मधोमध बाहेर आलेला फुगवटा. पोट सुटलेल्या माणसासारखा दिसतो म्हणून पोरांनी नाव पाडलेलं. नाना पहिल्यांदा आले तेव्हा ते नाव त्यांच्यासमोर घ्यायला सगळे कचरत होते, त्यांचीही चांगलीच होती.

“चढलीस की. मी बघितलं ना.”

“मला नाही वाटत. पाय ठेवायच्या आत मी वर होते. बाई, मला माहीतच नाही मला चढता येतं की नाही.”

ती हे काकुळतीने नाही म्हणाली. दुकानदाराला ‘वजन बरोबर आहे ना’ विचारावं तसं सरळ विचारलं. माझ्या पहिल्या कोर्सला मलाही असंच वर घेतलं होतं. वर पोचल्यावर सगळ्यांनी शाबास म्हटलं, पाठ थोपटली. मी घरी जाऊन आईला फुशारक्या मारल्या. खूप नंतर एकदा त्याच जागी सैल दोरावर गेले आणि पहिल्याच पावलाला खाली आले, तेव्हा कळलं की आपण तिथे कधी चढलोच नव्हतो. तेव्हा विचारायला समोर एकही बाई नव्हती. संस्थेत भिंतीवर जितके फोटो, तितक्या मिशा.

“शनिवारी दुपारी सगळ्यांना घेऊन माझ्या शाळेत ये,” मी सुलभाला म्हटलं. “ओढणी घरी ठेवा. ओढणाराही घरीच ठेवू.”

आमच्या शाळेच्या मागे दगडी कंपाउंडची भिंत होती. जुनी, सिमेंट उडालेली, दगडांची टोकं बाहेर आलेली. जमिनीपासून हातभर उंचीवर, आडवं आडवं, या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. दोरच नाही, तर ओढणार कोण? पडलं तर मातीत दोन पायांवर उभं.

मुली भिंतीला लागल्या आणि धडाधड खाली यायला लागल्या. का, तर सगळ्या वरचा दगड पकडायला हात ताणत होत्या. मुलांना शिकवणारे मास्तर सगळे उंच. ते ‘तो वरचा होल्ड घे’ म्हणतात आणि घेतात. होल्ड म्हणजे पकडायची किंवा पाय ठेवायची जागा. या मुली त्यांचंच बघून शिकलेल्या. हात पुरत नाही, मग टाचा उचलायच्या, मग लटकायचं, मग दंड भरून येणार, मग ‘बाई, आमच्या हातात ताकदच नाही.’

“सरका बाजूला,” म्हटलं. पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट घट्ट बांधले आणि स्वतः गेले. शाळेतले शिपाईसुद्धा बघायला आले. हसू देत म्हटलं.

“बाई, तुम्ही तो वरचा दगड घेतलाच नाही!” सुलभा ओरडली.

“हात पोचतच नाही, तर घेऊ कसा?”

“मग गेलात कशा?”

“पायांनी. छोटे छोटे दोन पाय वर, कंबर भिंतीला चिकटवून. हात फक्त तोल सांभाळायला. जिना काय हातांनी चढतेस का?”

मुलींनी माझे पाय बघितले. मी परत गेले. त्यांनी परत बघितले. तासाभरात अर्ध्याअधिक मुली निम्मी भिंत जायला लागल्या. सुलभा तर टोकापर्यंत जाऊन उलटी परत आली. मी कुठली मोठी गिर्यारोहक? हिमालयात जाऊन आले होते ते बर्फ बघायला. पण त्यांच्या उंचीची, त्यांच्यासारखी बाई हे करते, एवढं बघायला मिळालं आणि पोरी सुटल्याच.

भिंत झाली. आता दोराचं बघायचं होतं. नानांना फोन केला.

“नाना, मुलींचा बिले मी करते. नाहीतर मुलीच एकमेकींचा करतील.”

“तुमचं वजन किती, बाई?”

“बाईमाणसाला वजन विचारता?”

“मग घसरणाऱ्याला धरणार कशा?”

“मी नाही धरत, झाड धरतं. मी झाडाला बांधलेली असते. दोर कमरेमागून फिरवला की घासून थांबतो. त्यात पैलवान लागत नाही.”

“नको, नको. उद्या काही झालं तर आईबापांना काय तोंड दाखवू? वर बंडूच बसेल. तुम्ही खाली थांबा.”

फोन ठेवला. मग राहिला बंडूच. रविवारी सकाळी कातळावर जायच्या आधी त्याला गाठला आणि स्पष्ट सांगितलं, “बंडू, आज ओढलंस तर बॅच बंद पडेल. तुझ्यामुळे.”

त्याचा चेहराच उतरला. “आईशप्पथ ताई, नाही ओढणार.”

“मागच्या वेळीही नाहीच म्हणाला होतास.”

“आज चढणारी म्हणेल तेवढंच करीन. ती टाइट म्हणाली तर टाइट, ढील म्हणाली तर ढील. माझं डोकं चालवणारच नाही.”

हे ऐकून मला बरं वाटलं. ते बरं वाटणंच पुढे नडलं.

नाना आले. कमिटीचे दोघे आले, एकाच्या हातात छत्री, दुसऱ्याच्या हातात रेडिओ, कारण मॅच होती. मुलींच्या आया आल्या. सुलभाची आई घावणे आणि चटणीचा डबा घेऊन आली होती. कातळाकडे एकदा बघून म्हणाली, “ह्याच्यार चढतत? कित्याक?” त्यावर मला आजतागायत नीट उत्तर सापडलेलं नाही.

पहिली मुलगी बरी गेली. बंडू शहाण्यासारखा बसला होता. दुसरी ढेरीखाली जरा घसरली, किंचाळली, बंडूने धरली. आणि तिथून त्याच्या हातांनी परत स्वतःचं डोकं चालवायला सुरुवात केली. तिसरी मुलगी तर शेवटच्या टप्प्यात पायसुद्धा न हलवता वर गेली, पाळण्यात बसल्यासारखी. रेडिओवाले गृहस्थ हसले. नाना हसले नाहीत. खिशातलं पेन काढून परत खिशात ठेवलं फक्त. मला कळलं, आता शेवटची संधी.

“सुलभा, जा.”

ती ढेरीपर्यंत छान गेली. भिंतीवर शिकली होती तशी, छोटी पावलं, शांत. ढेरीखाली आली की वरच्या माणसाला चढणारा दिसत नाही. मध्ये कातळाचं पोट येतं. बंडूला तिचा फक्त आवाज. सुलभाने उजवा पाय एका बारीक खाचेत ठेवला. ती खाच शोधायला तिला किती वेळ लागला ते मी बघत होते. आणि तेवढ्यात दोर ताठ झाला. ती वर उचलली गेली. पाय खाचेतून सुटला आणि हवेत लोंबायला लागला.

सुलभा भडकली. एरवी मान खाली घालून बोलणारी मुलगी, तिने असा आवाज लावला की माकडं झाडावरून पळाली.

“सोड! सोड रे मला! सोड म्हणते ना!”

आपण म्हणतो ना, कोणी हात धरून नको तिकडे न्यायला लागलं की? तसं. मी माझी चढते, तू मध्ये पडू नकोस, एवढाच अर्थ. पण बंडूने शपथ घेतलेली. चढणारी म्हणेल ते करायचं, डोकं चालवायचं नाही. चढणारी म्हणाली, सोड.

त्याने सोडला.

दोर हातातून गेला नव्हता, हे आधीच सांगते. त्याने ढील दिली. पण दिली ती बंडूच्या मापाने, मोठ्या मनाने. ढेरीवरून दोर घरंगळत आला आणि दोरीवर वाळत घातलेल्या साडीसारखा झोळ सुलभाच्या गुडघ्यांखाली लोंबायला लागला. तोवर तिने खालचा पाय टेकवला होता आणि दोन्ही हातांनी कातळ धरला होता. आता पडली असती तर पुरुषभर खाली येऊन आपटली असती. जमिनीवर नसती आली, पण दोन-चार दिवस पाठीवर झोपता आलं नसतं.

“बंडू! टाइट! टाइट!” मी ओरडले.

पण ओरडणारी मी एकटी होते का? सगळ्या मुली ओरडत होत्या, आया ओरडत होत्या, छत्रीवाले ‘अरे, अरे’ करत होते. वर बंडूला गोंधळाशिवाय काही कळेना. त्याला वाटलं, अजून हवाय. आनंदाने ओरडला, “सोडलाय ताई! पाहिजे तेवढा सोडलाय!”

सुलभाच्या आईने कपाळावर हात मारला. “रे मेल्या! माझ्या चेडवाक सोडलंस?”

“गप्प!” मी शाळेतला आवाज काढला. प्रार्थनेला पाचवीचे चार वर्ग शांत करणारा आवाज. सगळे गप्प झाले. कारण या सगळ्यात एकच माणूस शांत होतं, आणि ते ढेरीला चिकटलेलं होतं.

आता बंडूला ‘टाइट’ म्हणायची सोय नव्हती. तो हिसका देणार, आणि ती तोल जाऊन सुटणार. मी तोंडावर हात ठेवून उभी राहिले.

सुलभाने दोराकडे बघितलं. मग बघायचं सोडून दिलं. उजवा पाय परत त्या खाचेत ठेवला, जरा दाबून बघितला. डावा पाय एका सुरकुतीवर. कंबर कातळाला. वरचा मोठा होल्ड तिथेच होता, पोरं ज्याला उडी मारून धरतात तो. तिने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. छातीपाशी एक बारकं टोक होतं, ते चिमटीत धरलं. घड्याळातला स्क्रू धरावा तसं. एक पाऊल. अजून एक. मध्येच डाव्या बुटाचा रबर घासल्याचा आवाज आला, आणि खाली कोणीतरी देवाचं नाव घेतलं. ती थांबली, तोच पाय परत ठेवला, आणि ढेरीवरून दिसेनाशी झाली. दोराचा झोळ तिच्यामागून सरपटत वर गेला.

मग बंडूचा घाबरलेला आवाज.

“अगं आई गं! तू कशी आलीस?”

त्याच्या हाताला वजनच लागलं नव्हतं ना! त्याच्या हिशेबाने पोरगी अजून ढेरीखाली होती. त्याने कडेवरून खाली डोकावून बघितलं. खाली नाना, कमिटी, आया, सगळे वर बघतायत. त्याला वाटलं, आपली वाट लागली. दोन्ही हात वर करून तो ओरडला, “नाना, आईशप्पथ! मी काहीच केलं नाही! ती आपली आपण आली!”

आधी छत्रीवाले हसले. मग आया. मग मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले, अगदी डोळे पुसत. इतकी चांगली साक्ष कोणी मागूनही दिली नसती.

मागच्या वाटेने सुलभा खाली आली. कोपर खरचटलेलं, केस विस्कटलेले. आईने आधी एक धपाटा घातला, मग जवळ घेतली. ती माझ्याकडे आली.

“बाई, चढले.”

“हो गं, चढलीस.”

“नाही, तुम्ही सांगू नका. मला माहीत आहे.”

नाना अजून वरच बघत होते. मग चष्मा पुसत माझ्याकडे आले. “बाई, आजचा बिले नियमाने चूक होता. इतकी ढील द्यायची नसते.”

“बरोबर आहे, नाना. माझी चूक. शब्द ठरवून द्यायला हवे होते.”

“पुढच्या मुलींच्या बॅचला बंडूला वर बसवू नका.”

मी ‘बरं’ म्हणून मान हलवली आणि मग ते डोक्यात शिरलं. “नाना, म्हणजे पुढची बॅच आहे?”

“मग काय! वर बाईलाच बसवा. झाडाला नीट बांधून,” नाना म्हणाले आणि सुलभाच्या आईने पुढे केलेला घावणा त्यांनी घेतला.

पुढच्या बॅचला सुलभा बिलेला बसली. तिला पारखायला मुद्दाम सगळ्यात वजनदार माणूस खालून पाठवला. बंडूच. स्वारी ढेरीखाली अडकली, हात भरून आले, आणि आवाज आला, “सुलभे, टाइट गं! जरा घे ना वर!”

सुलभाने होता तेवढा मोकळा दोर गोळा केला. त्याच्यापुढे एक बोटही नाही.

“टाइट आहे. चढ आता. पाय वापर.”

“अगं, पण...”

“पडलास तर धरते. चढायचं तुझं तू.”

एकदा पडला. तिने धरला. मग चढला.

त्यानंतर मी बरीच वर्षं शिकवलं. माझ्या कोर्सला ‘सोड’ या शब्दाला बंदी असायची, ‘ढील’च म्हणायचं. घसरणाऱ्याला धरायला नवी मुलगी एका दुपारीत शिकते. चढणाऱ्याला न ओढता नुसतं बसून राहायला जास्त दिवस लागतात, आणि चांगल्या मनाच्या माणसांना त्याहूनही जास्त.